वळण्याचा वर्ग

हार्बरच्या गाडीनं शेवटच्या स्टेशनापर्यंत, म्हणजे पनवेलपर्यंत, जाणाऱ्या माणसाकडे वाचायला काही नसलं तरी एक मजकूर त्याला हमखास भेटतो. दाराशेजारच्या पत्र्यावर चिकटवलेली वीतभर जाहिरात : पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा. खाली मोबाइल नंबर. पूड डाळीत मिसळा, चहात मिसळा, त्याला सांगू नका. अशा पुडीत काय असतं ते विकणाराच जाणे. पण त्यात डायसल्फिराम असेल तर तो जिवाशी खेळ आहे. 1948 साली डेन्मार्कमधल्या संशोधकांनी पुढे आणलेलं हे औषध अंगात असताना दारू पोटात गेली की चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो, माणूस दगावूही शकतो. म्हणून डॉक्टर ते रुग्णाला सगळं समजावून, त्याची संमती घेऊनच देतात. घरची बाई मात्र रडकुंडीला आलेली असते. ती फोन लावते.

या जाहिरातीला सुशिक्षित माणूस हसतो, कारण त्याच्याजवळ अधिक प्रतिष्ठित मत असतं. दारूचे दुष्परिणाम शास्त्रशुद्ध कळत नाहीत म्हणून माणूस पितो, तेव्हा दाखल झालेल्यांना एकत्र बसवा, तक्ते लावा, यकृताची चित्रं दाखवा. कळलं की सुटेल. एक म्हणतो नकळत सोडवा, दुसरा म्हणतो कळवून सोडवा. माझा आजचा वाद या दुसऱ्याशी आहे. पहिल्याशी घालायला पोलीस आणि अन्न-औषधवाले पुरेत.

पूर्वपक्ष आधी नीट मांडला पाहिजे. निवासी व्यसनमुक्ती केंद्रात माणूस साधारण महिनाभर राहतो, कुठे पाच आठवडे, कुठे तीन महिने. त्या काळात रोज एक-दोन तास सगळ्यांना हॉलमध्ये बसवून आजाराविषयी शिकवतात. ‘समूह मनोशिक्षण’ हे त्याचं पुस्तकी नाव. केंद्रात असं कुणी म्हणत नाही. तिथे ‘क्लास’ असतो, ‘लेक्चर’ असतं, किंवा नुसतंच ‘चला, हॉलमध्ये’. या क्लासच्या बाजूनं बोलणारे सांगतात की दारूबद्दल समाजात अफाट अज्ञान आहे. थंडीत ब्रँडी औषधी असते, बिअर म्हणजे दारू नव्हे, देशीनं बिघडतं पण इंग्लिशनं नाही, जेवून प्यायली की लागत नाही, हे समज खरोखरच घरोघर आहेत. ते दूर केले पाहिजेत यात शंका नाही. शिवाय एकाच वेळी वीस जणांना शिकवता येतं, तेव्हा खर्च कमी. ज्या देशात मनोविकारतज्ज्ञच मोजके, तिथे हा मुद्दा लहान नाही. आणि शेवटचा मुद्दा असा की क्लासनंतर चाचणी घेतली तर गुण वाढलेले दिसतात. आता यावर काय बोलणार?

बोलण्याआधी स्वतःची फजिती सांगतो. मी आयुष्यभर शाळेत शिकवलं. त्या भांडवलावर, बऱ्याच वर्षांपूर्वी, पनवेलच्या आसपासच्या एका केंद्रानं मला पाहुणा वक्ता म्हणून बोलावलं. सतरंजीवर वीसेक माणसं मांडी घालून बसली होती. पहिल्या रांगेतल्या एकाचा उजवा हात इतका कापत होता की त्यानं तो मांडीखाली दाबून धरला होता. भिंतीला टेकलेला दुसरा डोळे उघडे ठेवून झोपला होता. ही कला मी फक्त दहावीच्या वर्गात पाहिली होती. मी फळ्यावर यकृत काढलं. बरं जमलं होतं. शेजारी सुजलेलं यकृत, त्याच्या शेजारी आकसलेलं. मी विचारलं, ‘काही शंका?’

मागून एक जण उठला. आगरी माणूस, उरणकडच्या बाजूचा. म्हणाला, ‘सर, त्ये कालीज ऱ्हाऊं द्या. मी मंगलवारी सुटतंय, शुक्रवारी भावाचे पोराची हलद हाय. तिथं काय करू त्ये सांगा.’

मी फळ्याकडे पाहिलं. तीन यकृतांपैकी एकाकडेही उत्तर नव्हतं. मी म्हटलं, ‘जाऊ नका.’ हॉलमध्ये हशा पिकला. हात दाबून बसलेलासुद्धा हसला. सख्ख्या पुतण्याच्या हळदीला न जाणं हे त्या गावात पिण्यापेक्षा मोठं पाप, एवढं मला इतकी वर्षं पनवेलात काढून समजायला हवं होतं. मग दुसऱ्यांदा दाखल झालेल्या एका रिक्षावाल्यानं माझा तास हाती घेतला. ‘दिवसा जा,’ तो म्हणाला. ‘धवलारीण गायला बसली की हळद लाव, आहेर दे. रात्रीच्या मटणाला थांबायचं नाही. वहिनींना सोबत ने आणि गाडीची चावी त्यांच्याकडे ठेव. भावाला आधीच फोन करून सांग, गोळ्या चालू आहेत, आग्रह नको.’ तिसरा म्हणाला, गोळ्यांचं सांगू नको, लोक म्हणतात एकानं काय होतंय. चौथा म्हणाला, हातात थम्सअपचा भरलेला ग्लास धर, रिकामा हात दिसला की लोक भरतात. वीस मिनिटं वाद चालला. मी फळा पुसून घेतला, दुसरं काही करण्यासारखं उरलं नव्हतं.

पुढे या विषयावर वाचत गेलो, तेव्हा माझी फजिती एकट्याची नव्हती असं कळलं.

पहिला प्रश्न अज्ञानाचा. दारूनं काय होतं हे पिणाऱ्याला ठाऊक नसतं, हे गृहीतकच तपासा. राम गणेश गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’ 1919 साली रंगभूमीवर आलं. त्यातला सुधाकर कोण? हुशार वकील. त्याला कुणी यकृत शिकवायची गरज होती असं गडकऱ्यांना वाटलेलं दिसत नाही. भर कोर्टात अपमान होऊन सनद रद्द होते, तेव्हा तो प्यायला लागतो. मध्ये सोडतो, कामाच्या शोधात निघतो, जुन्या ओळखीचे लोक त्याला झिडकारतात, तेव्हा पुन्हा धरतो. दोन्ही वेळा कारण एकच आहे, आणि ते अज्ञान नाही. सुधाकरला दारूची वाट दाखवणारा तळीराम त्याला नुसती बाटली देत नाही, पिणाऱ्यांच्या मंडळाचं सभासदत्व देतो. आर्य मदिरा मंडळ हाही एक समूहच, आणि शिक्षणही तिथे चोख मिळतं. गडकऱ्यांना हे शंभर वर्षांपूर्वी दिसलं होतं. आपल्या तक्तेवाल्यांना अजून दिसत नाही.

नाटकातला दाखला पुरत नसेल तर खरा घ्या. अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे ए. ए., या संघटनेचा जन्मदिवस 10 जून 1935 मानतात. अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावचे डॉक्टर बॉब त्या दिवशी शेवटचं प्यायले. हे गृहस्थ सर्जन होते. माणसाचं पोट रोज उघडून पाहणाऱ्याला दारूचं ज्ञान कमी पडलं असं कोण म्हणेल? त्यांना वळवलं बिल नावाच्या एका शेअर दलालानं. धंद्यात आपटी खाऊन तो अ‍ॅक्रनच्या हॉटेलात एकटा होता, समोर बार होता, आणि आपण आता पिणार अशी भीती वाटल्यावर त्यानं बोलायला दुसरा दारुडा शोधला. बॉब फक्त पंधरा मिनिटं द्यायला तयार होते. बसले ते काही तास. बिल उपदेश करायला आलाच नव्हता, स्वतः वाचायला आला होता. तरी त्या भेटीनंतर काही आठवड्यांनी डॉक्टर बॉब पुन्हा एकदा प्यायले. कुठे? डॉक्टरांच्या अधिवेशनाला गेले असताना. दारूचे दुष्परिणाम जाणणारी माणसं याहून अधिक संख्येनं एका ठिकाणी जमणं अवघड आहे.

दुसरा प्रश्न वेळेचा. कुणाला केव्हा शिकवावं, हा शिक्षकाचा पहिला प्रश्न. व्यसनमुक्तीच्या वेळापत्रकात तो जवळजवळ विचारलाच जात नाही. वर्षानुवर्षं पिणाऱ्याच्या शरीरात ब-1 जीवनसत्त्वाची, थायमिनची, तूट असते. दारूमुळे ते आतड्यातून नीट शोषलंच जात नाही, आणि जेवण तर कधीचं सुटलेलं असतं. तूट फार झाली तर मेंदूला कायमची इजा होते. म्हणून दाखल झाल्याबरोबर थायमिनची इंजेक्शनं देतात. दारू थांबल्यावर दोन ते चार दिवसांच्या टप्प्यात काहींना भ्रम होतात, भिंतीवर किडे दिसतात. ते टाळायला लिब्रियमसारख्या गोळ्या चालू असतात, आणि त्या गोळ्यांनी झोप येते, नवं लक्षात राहत नाही. स्मरण आणि एकाग्रता सुधारायला पुढचे काही आठवडे जातात, काहींना महिने. म्हणजे मांडीखाली हात दाबून बसलेल्या त्या माणसाला मी यकृत दाखवत होतो, तेव्हा त्याच्या डोक्यात पाटी होती पण पेन्सिल उठत नव्हती. भर म्हणून केंद्रात शाळेसारखी जूनमध्ये एकदम भरती होत नाही. रोज कुणी येतो, रोज कुणी जातो. तिसऱ्या दिवसाचा आणि तिसाव्या दिवसाचा एकाच सतरंजीवर. पहिलीला आणि दहावीला एकच धडा शिकवणाऱ्या मास्तरला आम्ही शाळेतून काढलं असतं.

तिसरी गोष्ट पुराव्याची. विल्यम मिलर आणि पॉला विल्बर्न यांनी 2002 साली दारूच्या उपचारांवरच्या 361 नियंत्रित चाचण्या एकत्र करून उपचारपद्धतींची उतरंड लावली. वरच्या पायऱ्यांवर थोडक्यात केलेलं समुपदेशन, सामाजिक कौशल्यांचं शिक्षण, जोडीदारासह केलेला उपचार, माणसाचं काम-घर-सोबती असं भोवतालचं जगच नव्यानं उभं करण्याची पद्धत. सर्वांत खाली काय? माहिती देणं, समोर आरसा धरून खडसावणं, भीती घालणं. भाषणं आणि फिल्मा अगदी तळाला. त्याआधी, 1993 साली, मिलर यांच्याच एका अभ्यासात आणखी टोचणारी गोष्ट निघाली होती. समुपदेशक सत्रात जितका अंगावर गेला, तितका रुग्ण वर्षभरानं जास्त पीत होता. ‘नाकारतोय साला, कबूल करायला लावा’ ही आपल्याकडच्या कितीतरी हॉलमधली रीत आहे. ती कबुली पिण्याच्या हिशेबात कुठे जमा होते, ते या अभ्यासानं दाखवलं.

आता गुणांचं. व्यसनमुक्ती केंद्रात नर्सिंगच्या पदव्युत्तर प्रबंधांसाठी एक ठरलेला नमुना चालतो. दाखल झालेले काही रुग्ण घ्यायचे, दारूच्या परिणामांवर प्रश्नपत्रिका सोडवून घ्यायची, मग नियोजित अध्यापन करायचं, आणि आठवड्याभरानं तीच प्रश्नपत्रिका पुन्हा. सरासरी वाढते. सांख्यिकी चाचणी लावली की फरक लक्षणीय निघतो. निष्कर्ष लिहिला जातो : कार्यक्रम परिणामकारक. मला या मुलामुलींच्या कष्टांबद्दल आदर आहे. बहुतेक वेळा रुग्णाशी तासभर शांतपणे बोलणारं त्या इमारतीत तेवढंच कुणी असतं. पण मास्तर म्हणून सांगतो, एकच पेपर आठवड्यात दोनदा दिला तर शिकवलं नाही तरी गुण वाढतात. तुलनेसाठी दुसरा गट नसतो. तो आठवडा दारूविना गेल्यानं डोकंही थोडं साफ झालेलं असतं, त्याचं श्रेय तक्त्याला मिळतं. आणि मुख्य म्हणजे प्रश्नपत्रिकेत ‘यकृताच्या आजाराला काय म्हणतात’ हे असतं, ‘शुक्रवारी हळदीला काय करशील’ हे नसतं. पोहण्याच्या परीक्षेत पाण्याचं रासायनिक सूत्र विचारून पास करण्यातला हा प्रकार आहे.

इथवर आलेला वाचक म्हणेल, ठीक, मग क्लास बंद करा. असं म्हणणारा पक्ष खरोखर आहे, आणि वाढतो आहे. त्याचा शहाणा प्रकार म्हणतो, औषधं चांगली निघाली आहेत, नाल्ट्रेक्सोन आहे, अ‍ॅकाम्प्रोसेट आहे, ती द्या आणि घरी पाठवा. आडदांड प्रकार म्हणतो, शिकवून काही होत नाही, सहा महिने कोंडून ठेवा. दुसऱ्याला उत्तर कायद्यानंच दिलं आहे. 2017 चा मानसिक आरोग्य कायदा दारूच्या गैरवापराशी जोडलेल्या मनोवस्थांनाही लागू आहे. घरच्यांनी पैसे भरले म्हणून सज्ञान माणसाला हवं तितकं डांबता येत नाही. आणि कुलपानं जे सुटतं ते कुलूप निघेपर्यंत सुटतं. पहिला पक्ष मात्र आदरानं ऐकावा असा आहे. ही औषधं उपयोगी आहेत आणि आपल्याकडे ती फार कमी लोकांपर्यंत पोचतात, हे मान्य. पण गोळी रोज घ्यावी लागते, महिनोन् महिने, बरं वाटत असतानाही. ‘मला आता दारू नको वाटते, मग गोळी कशाला’ असं ज्या दिवशी त्याला वाटेल, त्या दिवशी त्याला कोण समजावणार? म्हणजे औषधवाल्यालाही शेवटी शिक्षक लागतोच.

शिवाय मिलर-विल्बर्न यांच्या उतरंडीचा दाखला देणारे फक्त तळ वाचतात, शेंडा वाचत नाहीत. सामाजिक कौशल्यं शिकवणं हेही शिकवणंच आहे. हरलं ते भाषण. समूह आणि शिक्षण हे दोघे त्या खटल्यात आरोपी नव्हतेच.

बार्सिलोनात फ्रान्सेस्क कोलोम आणि सहकाऱ्यांनी 2003 साली प्रसिद्ध केलेला एक अभ्यास मला या वादात फार मोलाचा वाटतो. आजार वेगळा आहे, द्विध्रुवी विकार, तरीही. स्थिर अवस्थेतले 120 रुग्ण घेतले. निम्म्यांना गटात बसवून आजाराचं 21 सत्रांचं पद्धतशीर शिक्षण. उरलेल्यांनाही 21 वेळा गटातच बसवलं, पण ठरलेल्या धड्याविना. शिकलेल्यांमध्ये आजार उलटण्याचं प्रमाण स्पष्टपणे कमी राहिलं. यातून दोन गोष्टी हाती लागतात. नुसतं एकत्र बसणं पुरत नाही, धडा हवा. आणि तो धडा डोकं ठिकाणावर असताना दिलेला होता, भ्रमाच्या तिसऱ्या दिवशी नाही. त्या धड्यात शिकवायचे तेही मेंदूची रसायनं कमी आणि उलटण्याची पूर्वचिन्हं ओळखून पुढे काय करायचं, हे अधिक. मनोशिक्षण हा शब्द 1980 च्या सुमाराला रूढ झाला तोही स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांच्या घरच्यांबरोबर काम करताना, घरातला ताव कसा उतरवायचा ते शिकवण्यासाठी. जन्मापासून हे शिक्षण वागण्याचं होतं. ते पाठांतराचं आपण केलं.

दारूच्याच बाबतीत म्हणाल तर ए. ए. वर 2020 साली कोक्रेन संस्थेचा आढावा आला. 27 अभ्यास, 10,565 माणसं. सलग दारूपासून दूर राहण्याच्या बाबतीत, माणसाला ए. ए. शी जोडून देणारे सुनियोजित उपचार इतर नावाजलेल्या मानसोपचारांपेक्षा सरस ठरले. ए. ए. च्या मीटिंगमध्ये यकृताचा तक्ता नसतो. उभा राहिलेला माणूस स्वतःचं सांगतो, बाकीचे ऐकतात, मध्ये कुणी बोलत नाही, शेवटी चहा.

आपल्याच शेजारचं गोव्याचं उदाहरण आणखी जवळचं. ‘संगत’ संस्थेच्या अभिजित नाडकर्णी, विक्रम पटेल आदींनी दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत 377 पुरुषांवर केलेला प्रयोग 2017 साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. समुपदेशन करणारे डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेली साधी स्थानिक माणसं होती, आणि भेटी जास्तीत जास्त चार. तीन महिन्यांनी त्रासदायक पिण्यातून बाहेर आलेले 36 टक्के, नेहमीच्या उपचारात 26 टक्के. हे गटात नव्हे, एकेकट्याशी झालं. आणि ती माणसं घातक पिणारी असली तरी पूर्ण अवलंबून झालेली नव्हती. पनवेलच्या वॉर्डातला आकडा असाच येईल असं यावरून म्हणता येत नाही. पण ‘तज्ज्ञानंच शिकवलं पाहिजे’ हा आग्रह यानं सैल होतो. तिथे त्या साध्या माणसांनी भाषण दिलंच नाही. त्यांनी विचारलं, ऐकलं, आणि पिण्याची वेळ आली की काय करायचं ते त्याच माणसाकडून ठरवून घेतलं.

ही रीत गोऱ्यांनी शोधली असं मानायचं कारण नाही. गाडगेबाबांचं कीर्तन आठवा. बाबा विधान करत नसत, विचारत. समोरचे हजार लोक उत्तर देत, त्या उत्तरावर बाबांचा पुढचा प्रश्न, आणि शेवटी जे सांगायचं ते लोकांच्याच तोंडून बाहेर. कर्ज काढून सण नको, दारू नको, हे त्यांनी असं खेड्यांतल्या निरक्षर माणसांकडून वदवून घेतलं. व्यसनमुक्ती सप्ताहाला भाषण ठोकणारे त्यांच्या फोटोला हार घालतात आणि पद्धत मात्र विसरतात.

मराठीत या कामाचं सर्वांत ओळखीचं घर म्हणजे पुण्याचं मुक्तांगण. अनिल अवचटांनी गर्दच्या, म्हणजे ब्राउन शुगरच्या, विळख्यावर लिहिलं, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे हेलावले, त्यांनी मदत देऊ केली, आणि डॉ. अनिता अवचटांनी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात 1986 साली हे केंद्र उभं केलं. तिथली एक साधी गोष्ट मला सगळ्यात शिकवून जाते : दाखल झालेल्याला ‘रुग्णमित्र’ म्हणतात, आणि स्वतः व्यसनातून बाहेर आलेली माणसं तिथे कार्यकर्ते, समुपदेशक होतात. रुग्णमित्रांच्या बायकांसाठी ‘सहचरी’ गट आहे. म्हणजे वर्गात शिकणारा उद्या शिकवणारा होऊ शकतो, आणि घरी राहिलेलीलाही वर्ग आहे. ज्या केंद्रात बायकोला फक्त फी भरायला आणि कपडे आणायला बोलावतात, तिथे अर्धा आजार फाटकाबाहेरच राहतो.

मग वर्गात काय शिकवावं? अ‍ॅलन मार्लट आणि ज्यूडिथ गॉर्डन यांनी 1985 च्या त्यांच्या ग्रंथात पुन्हा पिण्याच्या प्रसंगांची छाननी केली, तेव्हा बहुतेक घसरणी तीन ठिकाणी सापडल्या. मन खाली असताना, कुणाशी भांडण झाल्यावर, आणि चारचौघांच्या आग्रहापुढे. ही तिन्ही ठिकाणं पनवेलात कुठे आहेत ते पनवेलकरालाच माहीत. पगाराच्या दिवशी संध्याकाळी स्टेशनबाहेर पडल्यावर घराकडे जाणारे रस्ते कोणते, त्यात वाइन शॉप किती, त्यातल्या कुठल्या दारातला माणूस नावानं हाक मारतो. विमानतळाच्या, सिडकोच्या जमिनीचे पैसे आले आणि हाताचं काम गेलं, अशा गावात दुपारी दोन ते सहा हे चार तास कसे घालवायचे. भावकीतल्या वाटणीचा खटला ज्या दिवशी बोर्डावर असतो त्या दिवशी कोर्टातून परस्पर कुणाकडे जायचं. माझं म्हणणं असं की केंद्रातल्या प्रत्येकानं जाण्याआधी कागदावर आपल्या घरचा रस्ता काढावा. यकृताहून त्याला तो नक्कीच चांगला काढता येईल. आणि मग गटानं त्या नकाशावर भांडावं.

एक धडा मात्र नाजूक आहे. चुकून एक प्याला गेला तर काय? ए. ए. वाले म्हणतात, पहिला घोटच टाळा, पुढचं तुमच्या हातात नाही. मार्लट म्हणतात, खरा घात पहिल्या प्याल्यानं होतो त्याहून जास्त त्यानंतरच्या ‘आता गेलंच सगळं’ या लाजेनं होतो. तेव्हा घसरलेल्याला त्याच रात्री उभं राहायला शिकवा. दोघांत विरोध आहे असं पुष्कळांना वाटतं. मला तो वेळेचा फरक वाटतो. पहिला धडा प्याल्याआधीचा, दुसरा प्याल्यानंतरचा. पण दुसरा धडा शिकवला तर पहिल्याला सूट मिळते, या भीतीनं कितीतरी केंद्रं तो शिकवतच नाहीत. परिणाम असा की ‘स्लिप’ झालेला माणूस तोंड दाखवायला लाजतो आणि फॉलोअपला यायचा थांबतो. ज्या दिवशी त्याला गटाची सर्वांत गरज, नेमका त्याच दिवशी.

‘गटात बसून माणसं बिघडतातही, एकमेकांकडून नव्या युक्त्या शिकतात’ हा आक्षेप मी उडवून लावणार नाही. गट चालवणारा ढिला असेल तर ते होतं. पिण्याच्या गप्पा रंगवून सांगणारा एखादा बहाद्दर प्रत्येक हॉलमध्ये असतो, आणि त्याच्या गोष्टी ऐकून बाकीच्यांच्या तोंडाला पाणी सुटतं. म्हणून गट चालवणं हे कसब आहे, ते शिकावं लागतं. गोव्यातल्या त्या साध्या माणसांनाही आधी शिकवलं होतं आणि पुढे त्यांच्या कामावर देखरेख होती. बरा झालेला प्रत्येक जण आपोआप शिक्षक होत नाही.

एम्सनं केलेली राष्ट्रीय पाहणी 2019 साली प्रसिद्ध झाली. देशात सुमारे 16 कोटी लोक पितात. दारूवर पूर्ण अवलंबून असलेल्यांपैकी 38 मध्ये एकालाच कसली तरी मदत मिळते, आणि 180 मध्ये एकालाच दाखल होऊन उपचार मिळतो. एकशे एकोणऐंशी जणांना मागे ठेवून जो सतरंजीपर्यंत पोचला, त्याचा तास मी एकदा तीन यकृतांवर घालवला आहे.

म्हणून केंद्रांत प्रबंधासाठी येणाऱ्या नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या मार्गदर्शकांना एवढीच विनंती. प्रश्नपत्रिका हवी तर तशीच राहू द्या. तिच्याखाली रुग्णाच्या परवानगीनं त्याचा आणि घरच्या एका माणसाचा फोन नंबर लिहून घ्या, आणि तीन महिन्यांनी फोन करून विचारा, हळदीला काय झालं.